चिको मेंडेस : रबराच्या जंगलाचा राखणदार

ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, बोलिव्हियाच्या सीमेलगत आक्रे हे राज्य आहे. तेथील शापुरी गावाजवळ १५ डिसेंबर १९४४ रोजी चिको मेंडेस यांचा जन्म झाला. वडील रबराचा चीक गोळा करणारे मजूर. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात रबराची झाडे दूरदूर विखुरलेली असतात. पहाटे निघून पायवाटेने झाडामागून झाड गाठायचे, खोडाला चीर द्यायची आणि साठलेला चीक घरी आणायचा, हे काम चिको लहानपणीच शिकले. माल मालकालाच विकायचा आणि धान्यही त्याच्याच दुकानातून उधारीवर घ्यायचे, अशी रीत असल्याने कर्ज फिटत नसे. हिशेब कळू नये म्हणून मजुरांच्या मुलांना शाळा नव्हती. जंगलात आश्रयाला आलेल्या एका साम्यवादी कार्यकर्त्याने चिकोंना वर्तमानपत्राच्या कात्रणांवरून वाचायला शिकवले.

१९७० च्या दशकात लष्करी राजवटीने अ‍ॅमेझॉनमध्ये रस्ते काढले, करसवलती दिल्या. दक्षिणेकडील धनिकांनी जमिनी घेऊन गुरांच्या कुरणांसाठी जंगल जाळायला सुरुवात केली. वर्षावनाचे वैभव मातीत नव्हे, झाडांत साठलेले असते. झाडे गेली की मुसळधार पावसात कस वाहून जातो, काही वर्षांत कुरण निकृष्ट होते आणि कुऱ्हाड पुढे सरकते. शिवाय हे जंगल आपल्या पानांतून सोडलेल्या बाष्पातून स्वतःचा बराचसा पाऊस स्वतःच निर्माण करते. जंगल आक्रसले की पाऊसही आटतो.

चिकोंचा लढा मात्र सुरू झाला तो पोटासाठी. जंगल तुटले तर चीकही नाही आणि ब्राझील नटही नाहीत. १९७६ पासून मजूर बायकामुलांसह तोडीच्या जागी जाऊन उभे राहू लागले. करवत चालवणारेही गरीबच, त्यांना समजावून परत पाठवले जाई. १९८० मध्ये कामगार संघटनेचे नेते विल्सन पिन्येरो यांची हत्या झाली, तरी चळवळ थांबली नाही.

१९८५ मध्ये राजधानी ब्राझिलियात रबर-मजुरांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. तेथे एक नवी कल्पना पुढे आली. जमीन सरकारची राहील, पण जंगलातील उपजाचा हक्क तेथील रहिवाशांचा असेल. मूळ आदिवासींशी पूर्वीचे वैर मिटवून त्यांच्याशी युती झाली. १९८७ मध्ये चिकोंनी अमेरिकेत जाऊन रस्त्याला कर्ज देणाऱ्या बँकेपुढे आपली बाजू मांडली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘ग्लोबल ५००’ सन्मान दिला. गावात मात्र धमक्या वाढत होत्या. २२ डिसेंबर १९८८ च्या संध्याकाळी, पोलीस पहारा असतानाही, घराच्या मागच्या दारात त्यांना गोळी घालण्यात आली. चव्वेचाळीसावा वाढदिवस होऊन आठवडाच झाला होता. १९९० मध्ये न्यायालयाने एका पशुपालक जमीनदाराला व त्याच्या मुलाला दोषी ठरवून प्रत्येकी १९ वर्षांची शिक्षा दिली.

त्याच वर्षी सुमारे ९ लाख ७० हजार हेक्टरचे राखीव क्षेत्र चिकोंच्या नावाने जाहीर झाले. ब्राझीलमधील अ‍ॅमेझॉनची वार्षिक तोड २००४ मध्ये २७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक होती. २०१२ मध्ये ती पाच हजारांखाली आली, पण २०२१ मध्ये पुन्हा तेरा हजारांवर गेली. रबराला भाव नसल्याने त्या राखीव क्षेत्रातही गुरे शिरली आहेत. जंगल राखणाऱ्याचे पोट जंगलावर भरले पाहिजे, हा चिकोंचा आग्रह होता. तो पुरा झाल्याखेरीज केवळ कायद्याने हे जंगल वाचणार नाही.