तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली, पण चाकणच्या संताजी तेल्यांनी ती पुन्हा कागदावर आणली

लॅपटॉपमध्ये जागा करायला बसायचं आणि चुकून हार्ड डिस्कचं अख्खं पार्टिशनच डिलीट करून टाकायचं. हा प्रकार बऱ्याच जणांच्या बाबतीत घडलाय. लग्नाचे फोटो, कॉलेजचा प्रोजेक्ट, ऑफिसच्या फायली, सगळं एका क्लिकमध्ये गायब. पोटात गोळाच येतो.

पण खरं सांगायचं तर त्या क्षणी सहसा पुसली जाते ती फक्त यादी. डिस्कचा कुठला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढीच नोंद जाते. फायली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नाही, तर त्या परत मिळू शकतात. आणि दुसरीकडे कुठे कॉपी ठेवली असेल, तर विषयच संपला.

हार्ड डिस्क जन्माला यायच्या तीनशे वर्षं आधी याच पेचातून मराठीतला सगळ्यात मोठा ठेवा वाचला. तो ज्यांच्यामुळे वाचला त्यांच्यात एक नाव फार महत्त्वाचं आहे. ते म्हणजे चाकणचे संताजी जगनाडे.

घाणा चालवणारा, पण लिहिता-वाचता येणारा

परंपरेनुसार संताजींचा जन्म १६२४ सालचा, गाव चाकण. वडील विठोबा, आई मथुबाई. घरात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा. त्या काळात जातीने ठरवून दिलेलं काम करायचं, लिहिण्या-वाचण्याच्या भानगडीत पडायचं नाही, असा रिवाज होता. पण धंदा म्हटलं की हिशेब आला, आणि संताजी लिहायला, वाचायला, हिशेब ठेवायला शिकले. चाकण तेव्हा किल्ल्याचं आणि बाजारपेठेचं गाव. तेल विकायचं तर कुणाची किती उधारी, हे वहीत टिपून ठेवावंच लागायचं.

पुढे यमुनाबाईंशी लग्न झालं, संसार सुरू झाला. चाकणपासून देहू फार लांब नाही. तिथल्या तुकोबांचं नाव पंचक्रोशीत गाजत होतं. असं सांगतात की तुकोबांचं कीर्तन चाकणला झालं, संताजींनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून ते तुकोबांचे झाले. घरदार सोडायचा विचारही त्यांच्या मनात आला होता म्हणे. पण तुकोबांनी त्यांना संसारात राहूनच भक्ती करायची वाट दाखवली. संताजींनी घाणा सोडला नाही. उलट घाण्याची रूपकं घेऊन त्यांनी स्वतः अभंग रचले. तुकोबांच्या १४ टाळकऱ्यांमध्ये त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं.

पण टाळ वाजवण्यापलीकडे त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. तुकोबा अभंग म्हणायचे, आणि संताजी ते वहीत उतरवून घ्यायचे. उधारी टिपणारा हात आता अभंग टिपत होता. कडूसचे गंगाराम मवाळ हेही लेखनाचं काम करायचे. म्हणजे अभंग एकाच वहीत अडकलेले नव्हते.

इंद्रायणीत दोनदा कागद बुडाले

तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवून टाकली. लोकांच्या डोक्यावरचं कर्ज पुसलं जावं म्हणून त्यांनी हे स्वतःच्या मर्जीने केलं.

दुसऱ्यांदा कागद बुडाले ते मात्र मर्जीने नाही. कुणबी घरातला माणूस वेदांचा अर्थ मराठीत सांगतो, हे धर्मपंडितांना खुपत होतं. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा इंद्रायणीच्या काठावर अन्नपाणी सोडून बसले. १३ दिवस उलटले आणि गाथा परत मिळाली.

ती परत कशी मिळाली, याची उत्तरं दोन प्रकारे दिली जातात. वह्या कोरड्याच्या कोरड्या पाण्यावर आल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा. अनेक अभ्यासक सांगतात की कागद बुडाले, पण अभंग लोकांच्या तोंडी होते. गावोगावी, घरोघरी, शेतात आणि जात्यावर माणसं ते म्हणत होती. संताजींनी आणि इतरांनी ते पुन्हा लिहून काढले.

यातली दुसरी गोष्ट डेटा रिकव्हरीच्या फार जवळ जाते. पार्टिशनची यादीच हरवली असेल, तर रिकव्हरीची काही सॉफ्टवेअर डिस्कचा कोपरा न्‌ कोपरा चाळतात. फोटोची फाईल असो की पीडीएफ, तिच्या सुरुवातीला एक ठरावीक खूण असते. ती खूण दिसली की फाईल ओळखली जाते. अभंगांनाही अशी खूण होती. शेवटी येणारी तुकोबांची नाममुद्रा. कुणाच्याही तोंडून ऐकला, तरी अभंग कुणाचा ते कळायचं.

ज्यांच्यामुळे वह्या बुडाल्या ते रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले. आज घरोघरी म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांनीच लिहिली.

तुकोबा गेले, वह्या राहिल्या

१६५० मध्ये तुकोबांचं वैकुंठगमन झालं. त्यानंतर १० वर्षांनी, १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला जवळपास दोन महिने झुंजवला. हा सगळा पट्टा फौजांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवरचा. अशा धामधुमीत सोनंनाणं जपणंही अवघड. पण संताजींच्या हातच्या वह्या पुढच्या पिढीकडे पोहोचल्या.

संताजींची समाधी सुदुंबरे गावात आहे. तिची एक कथा सांगितली जाते. संताजी गेल्यावर त्यांना माती द्यायला लोक जमले, पण कितीही माती टाकली तरी चेहरा काही झाकला जाईना. शेवटी दिलेल्या शब्दासाठी तुकोबा स्वतः आले, त्यांनी मूठमाती दिली आणि मगच चेहरा झाकला गेला. लिहिणारा आणि लिहून घेणारा यांचं नातं लोकांनी कसं बघितलं, ते या कथेतून कळतं.

परत मिळालेलं सगळंच अस्सल असतं का?

रिकव्हरीमध्ये एक डोकेदुखी कायम असते. एकाच फाईलच्या चार कॉपी येतात, काही अर्धवट येतात, काही भलत्याच असतात. गाथेचंही तेच झालं. तुकोबांच्या नावाची मुद्रा लावून इतरांनीही अभंग रचले. लोकांच्या तोंडात शब्द बदलत गेले.

एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने २४ हजार रुपये मंजूर केले आणि विष्णुशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणची हस्तलिखितं ताडून गाथा छापली. इंदुप्रकाशची प्रत म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत.

पुढे महाराष्ट्र सारस्वतकार विनायक लक्ष्मण भावे जगनाड्यांच्या वह्यांपर्यंत पोहोचले. त्या वह्यांवरून त्यांनी १९१९-२० मध्ये अस्सल गाथा म्हणून दोन भाग छापले. त्यात अभंगांची संख्या कमी, पण त्यांचा दावा वजनदार होता. तुकोबांच्या सोबत वावरलेल्या माणसाने लिहिलेली ही प्रत होती. यात काना-मात्रा आजच्यासारखे नाहीत, भाषा त्या मातीतली आहे. कुठली प्रत जास्त खरी यावर वाद झाले. पण वाद घालायला हातात काहीतरी होतं, कारण प्रती एकापेक्षा जास्त होत्या.

म्हणूनच डेटाच्या बाबतीत जाणकार तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात. पार्टिशन उडालं तर त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका. सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर घ्या. आणि महत्त्वाचं काही असेल तर त्याची कॉपी आधीच वेगळ्या जागी ठेवा. एसएसडी असेल तर जास्तच सावध राहा, कारण तिच्यात डिलीट केलेला डेटा थोड्याच वेळात कायमचा साफ होऊ शकतो. तिथे १३ दिवस थांबायची सोय नाही.

८ डिसेंबरला संताजींची जयंती साजरी होते. २००९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. पण चाकण म्हटलं की आज डोळ्यासमोर येते ती एमआयडीसी, गाड्यांचे कारखाने आणि कंटेनरची रांग. महाळुंग्याला कामावर जाणाऱ्या कित्येकांना माहीतही नसतं, की तिथून काही किलोमीटरवर सुदुंबऱ्यात तुकोबांचे अभंग जपणाऱ्या माणसाची समाधी आहे. चाकण-तळेगाव रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये पुढच्या वेळी अडकलात, तर गाडी जरा तिकडे वळवा.