अग्निनौकांचा कप्तान : कॉन्स्टंटाईन कनारिस

एजियन समुद्रात खिऑस बेटाच्या पश्चिमेस प्सारा नावाचे एक लहानसे, खडकाळ बेट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कनारिस यांचा जन्म तेथे झाला. तेथील मुले वाढत ती गलबतांवरच. १८२१ मध्ये ग्रीकांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला तेव्हा त्यांच्याजवळ आरमार म्हणून होती ती व्यापारी गलबते. प्रचंड युद्धनौकांशी तोफांनी झुंजणे अशक्य, म्हणून अग्निनौकेचा मार्ग त्यांनी धरला.

हे काम मोठ्या जिवावरचे. जुन्या गलबतात डांबर, गंधक व दारू ठासून भरायची, अंधारात शत्रूच्या नौकेस ते आकड्यांनी जखडायचे, बत्ती द्यायची आणि मागे बांधलेल्या होडीतून निसटायचे. घाई झाली तर नेम चुकतो. उशीर झाला तर आपलीच चिता!

१८२२ च्या वसंतात तुर्कांनी खिऑसमध्ये हजारोंची कत्तल केली. त्याच जूनमध्ये, एका काळोख्या रात्री, कनारिस यांनी खिऑसच्या बंदरात सेनापती कारा अलीची नौका पेटविली. ती दारूगोळ्यासह उडाली आणि कारा अलीही मारला गेला. युरोपभर कनारिस यांचे नाव झाले. व्हिक्टर ह्यूगोने त्यांच्यावर काव्य लिहिले. परंतु १८२४ मध्ये तुर्कांनी प्सारा उद्ध्वस्त केले. ज्या बेटासाठी लढावे ते बेटच उरले नाही. पुढल्या वर्षी इजिप्तचे आरमार अलेक्झांड्रियाच्या बंदरातच जाळण्याचा त्यांचा बेत वाऱ्याने साथ न दिल्यामुळे फसला.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी कापोडिस्ट्रियास यांची बाजू घेतली. १८३१ मध्ये त्या नेत्याची हत्या झाली आणि कनारिस काही काळ सीरोस बेटावर जाऊन राहिले. पुढे ते ॲडमिरल, आरमारमंत्री आणि १८४४, १८४८ व १८६४ साली पंतप्रधान झाले. कारभारी म्हणून त्यांची छाप फारशी पडली नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यांची मंत्रिमंडळे अल्पायुषी ठरली. मात्र राजा ऑटोपुढे ते वाकले नाहीत. १८६२ च्या आरंभी राजाने त्यांना मंत्रिमंडळ बनविण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी आपल्या अटी लेखी मांडल्या. राजाला त्या रुचल्या नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजा पदच्युत झाला आणि हंगामी सत्ता चालविणाऱ्या तिघांत कनारिस होते.

१८७७ मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्ध पेटले. एकमेकांचे तोंड न पाहणारे त्रिकुपिस, कुमुंदुरोस यांच्यासारखे पुढारी एका मंत्रिमंडळात बसले ते या वृद्धाच्या नावावर. त्याच सप्टेंबरमध्ये पंतप्रधानपदी असतानाच कनारिस वारले. त्यांच्या जागी कोणाला बसवावे, यावर त्या मंत्र्यांचे एकमत झाले नाही.