दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर

हल्ली सकाळी वर्तमानपत्र दारात येऊन पडते आणि दिवसभर हातातील मोबाईलवर बातम्यांचा ओघ चालूच असतो. बातमी मिळविण्यास आपणांस श्रम पडत नाहीत. म्हणूनच की काय, ती समजून घेण्याचे श्रमही आपण घेत नाही. ज्या काळी बातमी दुर्मिळ होती, त्या काळी ती लोकांच्या हाती देणाऱ्या एका थोर शिक्षकाचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहो.

बाळ गंगाधर जांभेकर यांचा जन्म कोकणातील पोंभुर्ले या गावी झाला. १८१२ हे त्यांचे जन्मवर्ष सामान्यतः मानले जाते. वडील गंगाधरशास्त्री यांच्यापाशी मराठी व संस्कृत यांचे अध्ययन झाल्यावर बाळशास्त्री मुंबईस आले आणि इंग्रजी व गणित या विषयांत त्यांनी लवकरच प्रावीण्य मिळविले. पुढे बंगाली, गुजराती, फारसी इत्यादी भाषाही त्यांनी आत्मसात केल्या.

त्या वेळी आगगाडी नव्हती, तारायंत्र नव्हते. विलायतेची बातमी जहाजाने महिन्यामहिन्यांनी येई. गावोगावचे वर्तमान वाटसरूंच्या तोंडून कळे आणि तोंडोतोंडी फुगत जाई. खरे कोणते व कंडी कोणती, हे ठरविण्यास सामान्य माणसापाशी साधनच नव्हते. राज्यकर्ते कोणते कायदे करतात, हेही बहुतेकांस ठाऊक नसे. ही उणीव ओळखून बाळशास्त्र्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस 'दर्पण' हे पत्र सुरू केले. गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांचे त्यांस साहाय्य होते. प्रारंभी पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षी साप्ताहिक झाले.

'दर्पणा'त एका रकान्यात इंग्रजी व शेजारच्या रकान्यात मराठी मजकूर असे. त्यामुळे राज्यकर्त्यांस लोकांचे म्हणणे कळे आणि लोकांस नव्या विद्येची ओळख होई. देशोदेशींच्या वर्तमानाबरोबर शिक्षण, विधवांचा पुनर्विवाह अशा प्रश्नांचीही चर्चा त्यात चाले.

परंतु छापील पत्र नियमाने वाचावे व त्यासाठी वर्गणी द्यावी, ही सवय समाजास अजून लागली नव्हती. वाचक थोडे आणि खर्च मोठा. अखेर १८४० साली 'दर्पण' बंद पडले. संपादक कितीही विद्वान असो, वाचकावाचून पत्र जगत नाही, हा धडा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

बाळशास्त्री मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' हे ज्ञानविषयक मासिक काढले. एल्फिन्स्टन संस्थेत ते १८३४ पासून अध्यापक होते. दादाभाई नौरोजी हे त्यांच्या शिष्यांपैकी. गणित, भूगोल, व्याकरण या विषयांवर त्यांनी शालोपयोगी पुस्तके लिहिली, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले आणि १८४५ साली ज्ञानेश्वरी प्रथमच छापून प्रसिद्ध केली. मे १८४६ मध्ये, ऐन उमेदीच्या वयात, त्यांचे निधन झाले. 'दर्पण' निघाले तो ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात.

या चरित्रातून वाचकाने काय घ्यावे? आम्हांस असे वाटते की, रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास वर्तमानपत्रास द्यावा. केवळ मथळ्यांवरून दृष्टी फिरवून थांबू नये. निदान एक बातमी अथपासून इतिपर्यंत वाचावी. अपरिचित गाव दिसल्यास नकाशा उघडावा, शब्द अडल्यास कोश पाहावा. एकच वार्ता दोन पत्रांत ताडून पाहावी आणि खात्री झाल्यावाचून ती दुसऱ्यास सांगू नये. घरातील ज्या वडीलधाऱ्यांस डोळ्यांनी दिसत नाही, त्यांस ती वाचून दाखवावी. पालकांनीही जेवणाच्या वेळी मुलांस दिवसाचे वर्तमान विचारावे.

विशीच्या उंबरठ्यावरील एका तरुणाने लोकांपुढे दर्पण धरले. त्यात पाहण्याचे काम आपले आहे.