चार चाकांची वाटणी

मॅसी फर्ग्युसन हे नाव आपण ट्रॅक्टरवर वाचलेलं असतं. त्यातला फर्ग्युसन कोण, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मला त्याच्या ट्रॅक्टरपेक्षाही त्याच्या अखेरच्या ध्यासाचं कुतूहल अधिक वाटतं.

हॅरी फर्ग्युसनचा जन्म १८८४ सालचा, आयर्लंडमधल्या काउंटी डाउनमधला. घर शेतकऱ्याचं, पण शेतीत त्याचं मन रमेना. तो भावाच्या गॅरेजात शिरला. १९०९ च्या अखेरच्या दिवशी त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवलं; आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण. पुढे नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिक दाबाने उचलण्याची त्याची पद्धत जगभर गेली. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर करार केला. तो मोडल्यावर कोर्टात जाऊन १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलर वसूल केले. माणूस असा हट्टी!

पासष्टी गाठलेल्या या गृहस्थाने १९५० मध्ये नवा डाव मांडला. टोनी रोल्ट आणि फ्रेडी डिक्सन या शर्यतपटूंना हाताशी धरून त्याने संशोधन कंपनी काढली. ओल्या, निसरड्या रस्त्यावरही ताबा सुटणार नाही अशी मोटार त्याला हवी होती.

अडचण समजून घेण्यासारखी आहे. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोघांच्या मध्ये डिफरन्शियल लागतं. ते वेग वेगळा ठेवू देतं, पण जोर दोघांना सारखाच देतं. एक चाक चिखलात गरगरू लागलं, की ते जेवढ्या थोड्या जोरावर फिरतं तेवढाच जोर कोरड्या चाकाच्या वाट्याला येतो. गाडी जागच्या जागी! जुन्या जीपमध्ये पुढचा-मागचा आस एकत्र जखडता येई. चिखलात ते उत्तम. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर सगळ्या यंत्रणेला पीळ बसतो.

फर्ग्युसनच्या मंडळींनी मधला मार्ग काढला. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये तिसरं डिफरन्शियल बसवलं आणि त्याला लगाम घातला. वळणापुरता वेगातला फरक चालेल. त्यापलीकडे एक आस घसरून पळू लागला, की लगाम आवळला जातो आणि जोर पकड असलेल्या चाकांकडे जातो.

मोटार कंपन्यांनी मात्र त्याला दाद दिली नाही. खर्च जास्त, वजन जास्त, ही त्यांची तक्रार. खोटीही नव्हती. पैसा त्याचा स्वतःचा जात होता, तरी तो थांबला नाही. ऑक्टोबर १९६० मध्ये तो गेला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने फर्ग्युसनची पी-९९ गाडी पहिली आणली. फॉर्म्युला वनच्या गाड्यांची शर्यत चारही चाकांना जोर असलेल्या गाडीने जिंकल्याचं हे एकमेव उदाहरण. १९६६ मध्ये त्याच तत्त्वावर जेन्सन एफएफ ही मोटार विक्रीला आली. तिच्यात ३७ टक्के जोर पुढे, ६३ टक्के मागे जाई. गाड्या निघाल्या जेमतेम ३२०.

विमान त्याने स्वतः उडवलं, ट्रॅक्टर डोळ्यांदेखत जगभर गेलेला पाहिला. या तिसऱ्या पेरणीचं पीक तेवढं त्याला पाहायला मिळालं नाही. मला वाटतं, त्याच्या हट्टाची खरी कसोटी तिथेच लागली.