बाबासाहेब आणि कामकरी बाईचा कायदा

विश्वरत्न, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, ते बरोबरच आहे. पण त्याच्या २० वर्षे आधी मुंबईच्या कौन्सिलात त्यांनी गिरणीतल्या बाळंतिणीसाठी वाद घातला होता, हे आपल्या वस्तीतही फार जणांना माहीत नसतं. आम्ही सूतगिरणीत साच्यावर उभी राहणारी माणसं, म्हणून त्यांच्या चरित्रातला हाच धागा इथं धरतो.

जन्म १४ एप्रिल १८९१, महू येथे. सुभेदार रामजी व भीमाबाई यांचं हे चौदावं अपत्य. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, पुढे लंडन केलं, आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले. एवढा शिकलेला माणूस, पण बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजाराला. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार लेकरं हाती लागली नाहीत. त्यातला शेवटचा राजरत्न, तो १९२६ मध्ये गेला.

१९२८ मध्ये कौन्सिलापुढं बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं. त्याकाळी पोटुशी बाई दिवस भरेपर्यंत गिरणीत उभी राही, कारण घरी बसली की रोज बुडे. हा बोजा कारखान्यावर नको, असं विरोधकांचं म्हणणं. बाबासाहेबांनी मांडलं ते असं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलावा. पण तिच्या कष्टाचा नफा ज्याच्या पदरात पडतो तो मालकही सुटणार नाही. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. आपलं केज मात्र तेव्हा निजामाच्या मुलखात. तिथं मुंबईचा कायदा कुठून येणार?

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. गिरण्या-कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीनं. आज भोंगा झाला की आम्ही घरची वाट धरतो, त्यामागं ही खटपट आहे. खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाचा कायदाही त्यांनी सुधारून घेतला.

पण एक गोष्ट झाकून ठेवू नये. महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये बायांना खाणीत जमिनीखाली उतरवण्याची बंदी उठवली गेली, आणि ते खातं बाबासाहेबांकडंच होतं. युद्धापुरती अडचण आहे, मजुरी पुरुषाइतकीच मिळेल, अशी त्यांची बाजू होती. १९४६ मध्ये बंदी परत आली. तरी आमच्या मते तो निर्णय नको होता.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये कायदेमंत्रीपद सोडलं, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा दिली, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झालं.

१९६१ मध्ये देशभरासाठी बाळंतपणाचा कायदा आला. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली. आणि आपल्या जिल्ह्यातली ऊसतोडीची बाई? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल मुकादमाकडून घेतात, खाडा पडला की पैसे कापले जातात. फडात हजेरीपत्रक नाही, मुकादमाची वही आहे. पाळीच्या, दुखण्याच्या दिवसांतही खाडा नको म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बाया बीड जिल्ह्यात किती, ते २०१९ च्या सरकारी पाहणीत निघालं: १३ हजारांच्या वर. तिशीतल्या पोरी आहेत त्यात.

१९२८ चा बाबासाहेबांचा हिशेब इथं लावला तर नफा साखर कारखान्याच्या पदरात पडतो. तेव्हा बाळंतपणाचा, दुखण्याचा पगार कारखान्याकडं आणि सरकारकडं मागायचा. मुकादम तोच बिचारा उचलीवर फिरतो, त्याच्या मागं लागून काय मिळणार?