नवेगावचे कोलू पाटील

गोंदिया तालुक्यातील कामठा हे गाव एकेकाळी मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते. तेथून दक्षिणेस अर्जुनी-मोरगावच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास धानाच्या बांध्या आणि त्यांच्या वरच्या अंगास पसरलेली तळी यांची सोबत सतत लाभते. भंडारा आणि १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया हे दोन्ही जिल्हे तळ्यांचे जिल्हे म्हणून विख्यात आहेत. ही तळी निसर्गाने आयती दिलेली नाहीत. माणसांनी ती श्रमाने बांधली आहेत. त्या बांधणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे, असे पुरुष म्हणजे नवेगावचे कोलू पाटील कोहळी होत.

त्यांच्या कार्याची थोरवी कळण्यासाठी या प्रदेशाची अडचण आधी समजून घेतली पाहिजे. येथे वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मग पाण्याची चिंता ती कसली, असे कोणासही वाटेल. परंतु हा पाऊस बहुतेक सारा चार महिन्यांत पडून जातो. जमिनीखाली बहुतेक ठिकाणी कठीण खडक असल्यामुळे पाणी फार खोल मुरत नाही. ते ओढ्यानाल्यांनी धावत जाऊन वैनगंगेस मिळते. धानाला तर रोवणीपासून बांधीत पाणी उभे असावे लागते. हस्त नक्षत्राने पाठ फिरवली, की पोटरीत आलेले पीक डोळ्यांदेखत वाळू लागते. याच्या उलट राजस्थानातील जैसलमेर पाहा. तेथे वर्षास २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. तरीही चौदाव्या शतकातील गडीसर तलावाच्या आधाराने त्या मरुभूमीत एक नगर शतकानुशतके नांदले. तात्पर्य, भूमी हिरवी राहणे हे आकाशातून किती पाणी पडले यापेक्षा खाली किती अडवले यावर अधिक अवलंबून असते. हे मर्म कोलू पाटलांनी ओळखले होते.

कोलू पाटील ज्या कोहळी समाजात जन्मले, तो समाज तळी बांधण्यात आणि उसाची शेती करण्यात निष्णात म्हणून प्रसिद्ध होता. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील कोहळ्यांचे कसब पाहून प्रसन्न झाला आणि त्याने त्यांना आपल्या राज्यात आणून वसविले, अशी परंपरागत कथा आहे. जो रान तोडून गाव वसवील आणि तळे बांधील, त्याला त्या पाण्याखालील जमिनीचा हक्क द्यावा, असे गोंड राजांचे धोरण होते, असेही सांगतात. राजाने भूमी द्यावी आणि प्रजेने तिला पाणी द्यावे, असा तो सरळ व्यवहार होता.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटलांनी नवेगावचा बांध घातला. आजचे नवेगावबांध हे नाव त्या बांधावरूनच पडले आहे. त्यांनी निवडलेली जागा पाहिली, म्हणजे त्यांच्या नजरेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. सभोवती डोंगरांचे कडे आहे आणि मध्ये खोलगट भूमी आहे. डोंगरांनी जे काम आधीच करून ठेवले होते, ते पुन्हा करण्याच्या भरीस ते पडले नाहीत. पाणी ज्या मोकळ्या वाटांनी निसटत होते, तेवढ्याच त्यांनी मातीच्या पाळी घालून बुजविल्या. त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता, की पातळी मोजण्याचे आधुनिक यंत्र नव्हते. पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोठे थबकते आणि कोठून निघून जाते, हे पाहणे हीच त्यांची विद्या. तिच्या बळावर सुमारे ११ चौरस किलोमीटर विस्ताराचे सरोवर उभे राहिले.

मातीची पाळ घालणे हे वाटते तितके सोपे नाही. माती थरावर थर टाकून दाबावी लागते, नाहीतर पाणी आतून वाट काढते. पाणी पाळीच्या माथ्यावरून वाहू लागले, तर वर्षांची मेहनत एका रात्रीत वाहून जाते. म्हणून जादा पाण्यास निघून जाण्यासाठी कठीण जमिनीवर सांडवा ठेवावा लागतो आणि शेताकडे पाणी सोडण्यासाठी मोरी बांधावी लागते. वरच्या तळ्याचे ओसंडलेले पाणी खालच्या तळ्यात, तेथून त्याखालच्या तळ्यात जाते, अशा तळ्यांच्या माळा या भागात ठिकठिकाणी आढळतात. पाझराने खालच्या विहिरींना पाणी राहते. उन्हाळ्यात गुरांची तहान भागते, ढीवरांना मासळी मिळते आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात.

कोलू पाटलांच्या पश्चात लोकांनी त्यांना देवत्व दिले. सरोवराच्या काठच्या एका शिखरावर कोलासूर या नावाने त्यांचे स्थान आहे. भोवतालच्या शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. बांध घालताना या सात देवींनी पाटलांना साहाय्य केले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या कथेचा अर्थ आपण आपल्या परीने लावू शकतो. त्या डोंगरांनी पाणी धरून ठेवण्यास साहाय्य केले, हे तर डोळ्यांनी दिसतेच. निसर्गास शत्रू न लेखता त्याला भावंड मानणाऱ्या माणसाची स्मृती लोकांनी अशा रूपाने जपली आहे.

राजांची चरित्रे बखरींत लिहिली जातात. कोलू पाटलांचे चरित्र त्या पाळीतच वाचावे लागते. त्यांच्यामागे गोंडांचे राज्य गेले, भोसल्यांचे आले आणि गेले, इंग्रजांचेही गेले. परंतु तळे राहिले. मात्र ते आपोआप राहिले, असे समजणे चुकीचे ठरेल. पाळीवर दरवर्षी माती टाकावी लागते, गाळ उपसावा लागतो, पाट साफ ठेवावे लागतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि गावोगावची तळी शासनाकडे गेली. जुलमी मालगुजाराच्या जाचातून रयत सुटली, हे इष्टच झाले; पण अनेक ठिकाणी तळ्यांची निगा राखणारे हातही त्याबरोबर सुटले. पूर्व विदर्भात अशी साडेसहा हजारांहून अधिक तळी आहेत. त्यांतील कित्येक गाळाने उथळ झाली, कित्येकांत बेशरम नावाची वनस्पती माजली. अलीकडे काही गावांत ढीवर समाजाच्या संस्थांनी आणि स्त्रियांनी ती उपटून काढली, तळ्यात देशी पाणवनस्पती लावल्या आणि तेथे मासे व पक्षी परत येऊ लागले.

नवेगावच्या सरोवराभोवतीचे अरण्य १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. तेथे येणारे प्रवासी पाण्याची शोभा पाहून परततात. पाण्याकडे पाठ करून क्षणभर पाळीची माती पाहणारे मात्र थोडे असतात. मुलांनो, तुम्ही कधी तेथे गेलात, तर ती माती अवश्य पाहा. तिच्यातील पहिल्या टोपल्या कोलू पाटलांच्या काळच्या आहेत. नंतरच्या टोपल्या पिढ्यापिढ्यांच्या नावनिशाणी नसलेल्या माणसांनी टाकल्या आहेत. ज्याचे फळ आपल्या नातवंडांच्याही पुढच्यांना मिळावे, असे काम हाती घेणे ही कोलू पाटलांची थोरवी होय. पुढची टोपली टाकणे हे आपले काम आहे.