विनाशाच्या छायेत शेत घेणारा यिर्मया

ईश्वरी न्यायाचा इशारा देणारे संदेष्टे बायबलमध्ये अनेक आहेत. पण त्यापायी यिर्मयाएवढे सोसणारा विरळाच. यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावी याजककुळात जन्मलेल्या यिर्मयाला इसवी सनपूर्व ६२७ च्या सुमारास देवाचे पाचारण झाले. मूर्तिपूजा आणि दुबळ्यांवरील अन्याय थांबला नाही, तर नगराचा नाश अटळ आहे, असे तो सुमारे ४० वर्षे सांगत राहिला. राजा यहोयाकीमाने त्याच्या संदेशांची गुंडाळी शेगडीत जाळली. लेखनिक बारूखाने ती पुन्हा लिहिली. पुढे सरदारांनी त्याला चिखलाने भरलेल्या हौदात टाकले. कूश देशाच्या एबद-मलेखाने त्याला दोरांनी वर काढले. या निष्ठेचे फळ म्हणून नगराच्या नाशातही जीव वाचेल, असे अभय एबद-मलेखाला मिळाले.

बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असतानाच यिर्मयाने अनाथोथचे शेत १७ शेकेल रुप्याला विकत घेतले. शिक्षेनंतर लोक या भूमीत पुन्हा नांदतील, ही त्याची श्रद्धा होती. इसवी सनपूर्व ५८६ च्या सुमारास नगर पडले. स्वकीयांनी त्याला बळेच मिसरात नेले. इसवी सनपूर्व ५३८ च्या सुमारास बंदिवान परतू लागले. यिर्मया परतल्याचा उल्लेख बायबलमध्ये नाही. त्याच्या निष्ठेचे फळ पुढच्या पिढ्यांच्या पदरी पडले.